छतातल्या वायरीची वाट

दसरा-दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं की दिव्यांच्या जागा बदलायचा विषय हमखास निघतो. हॉलमधली ट्यूब सोफ्याच्या बाजूला हवी असते, देवघरावर छोटा दिवा हवा असतो, मुलांचं अभ्यासाचं टेबल नेमकं उजेड पोचत नाही अशा कोपऱ्यात गेलेलं असतं. दिवा हलवायचा म्हणजे त्याची वायर छतावरून दुसऱ्या वाटेने न्यायची. काम किरकोळ वाटतं. पण भिंतीवरचा बोर्ड बिघडला तर दिसतो, छतात गेलेली वायर मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं कोणाच्या नजरेस पडत नाही. ती कुठून गेली, कशाला घासते, तिचा जोड कुठे आहे, हे सगळं त्या एका दुपारी ठरून जातं. त्या दुपारी घरातल्या माणसाने काय पाहावं, काय विचारावं आणि कशाला ठाम नकार द्यावा, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी कायद्याचं बोलू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जुन्या जागी नवा बसवणं घरमालकाला चालतं. नवीन पॉइंट काढणं, वायरीची वाट बदलणं, सर्किट वाढवणं ही कामं परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने आणि परवानाधारक वायरमननेच करायची असतात. महाराष्ट्रात हे परवाने राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं. भोसरीत किंवा चाकणमध्ये कारखान्यात मेंटेनन्सला असलेला ओळखीचा मुलगा सुट्टीच्या दिवशी येऊन काम करून देतो, हे घरोघरी चालतं. तो हुशार असेलही. तरी त्याला परवाना विचारा. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. उद्या काही विपरीत घडलं आणि विद्युत निरीक्षक चौकशीला आले, तर पहिला प्रश्न तोच असतो.

आता वीज बंद करण्याविषयी, कारण बहुतेक अपघात इथेच होतात. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार, आणि महावितरणची देखभालीची कामंही बरीचशी गुरुवारीच निघतात. त्यामुळे ‘गुरुवारी लाइट नसतेच, तेव्हा उरकून घेऊ’ असा हिशेब केला जातो. हा हिशेब जीवघेणा आहे. बाहेरून गेलेली लाइट कधी परत येईल हे तुमच्या हातात नसतं, आणि ती येते तेव्हा वायरमन उघडी तार हातात धरून घोड्यावर उभा असतो. लाइट असो वा नसो, मेन स्विच बंद करायचा, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावायची आणि शक्य असेल तर डीबीच्या, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीच्या, दाराला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात द्यायची.

तेवढ्यानेही भागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्याबरोबर तो चालू होतो आणि दिव्यांच्या नेमक्या त्याच वायरींमध्ये 230 व्होल्ट सोडतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून त्याची पिन सॉकेटमधून काढायची आणि त्याची घराकडे जाणारी जोडणी तोडायची. नुसतं दिव्याचं बटण बंद करून काम करू देऊ नका. जुन्या फिटिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर टाकलेलं असतं, मग दिवा बंद दिसतो आणि होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो. जिन्याच्या किंवा बेडरूमच्या दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्यात बटणावरून काहीच समजत नाही. शिवाय जुन्या इमारतींत एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला दिलेला सापडतो. एक एमसीबी, म्हणजे डीबीतला एका सर्किटचा आपोआप पडणारा स्विच, पाडला तरी त्या ‘बंद’ न्यूट्रलमधून शेजारच्या खोलीच्या पंख्याचा करंट वाहत असतो, आणि जोड सुटताच तो हातात बसतो. त्यामुळे छतातलं काम असेल तर एकच सर्किट बंद करून चालत नाही, अख्ख्या घराचा मेन पाडावा.

खिशातल्या टेस्टरवर विसंबू नये. त्याचा दिवा लागतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी क्षीण करंटवर. लाकडी घोड्यावर, रबरी चपला घालून उभं राहिलं की वायरीत वीज असूनही तो मंद लागतो किंवा लागतच नाही. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प वापरावा, तोही आधी वीज असलेल्या ठिकाणी लावून, मग कामाच्या वायरीवर, आणि शेवटी पुन्हा वीज असलेल्या ठिकाणी. मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही ना, याची खात्री त्यातून होते. वीज असलेलं ठिकाण म्हणून मेनच्या अलीकडची बाजू वायरमनने तपासावी, आपण त्यात हात घालू नये. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, मोशी इथल्या मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री फेज जोडणी असते. तिथे एका खोलीच्या बॉक्समध्ये दोन वेगवेगळे फेज आणू देऊ नका. दोन फेजमधला दाब चारशे व्होल्टच्या वर जातो.

या पट्ट्यात छतं मुख्यतः चार तऱ्हेची आहेत: उघडा स्लॅब, स्लॅबखाली पीओपी, गावठाणातलं कडीपाट आणि खोल्यांवरचा पत्रा. प्रत्येकाचा धोका निराळा.

उघड्या स्लॅबचं थोडक्यात सांगता येईल. स्लॅब भरतानाच त्यात पाइप आणि फॅन बॉक्स टाकलेले असतात. नवा दिवा त्या पाइपांतून जात असेल तर स्प्रिंग घालून वायर ओढायची, नाहीतर वरून केसिंग पट्टी मारायची. स्लॅबला खालून झिरी मारू देऊ नका. घरातल्या साध्या स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचं आवरण सुमारे 20 मिलिमीटरच असतं. कटर तेवढा आत गेला की थेट सळईला लागतो आणि तिथून पावसाळ्यात गंज धरतो. भिंतीत झिरी मारता येते, तीही उभी किंवा आडवी सरळ रेषेत, बोर्डाच्या बरोबर वर किंवा बाजूला. तिरकी झिरी जवळची वाट दाखवते, पण नंतर खिळा ठोकणाऱ्याला ती ओळखता येत नाही. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत छताच्या लाकडी कड्यांना भोकं पाडून वायर ओवताना दाखवतात. ती घरं इंग्लंड-अमेरिकेतली असतात. ते पाहून काँक्रीटच्या तुळईला, म्हणजे बीमला, आरपार ड्रिल लावण्याचा विचार मनातही आणू नये.

पीओपीच्या छताने मात्र वायरमनला फार मोकळीक दिली आहे, आणि तीच मला अधिक खटकते. स्लॅब आणि पीओपी यांच्यामध्ये वीतभर पोकळी असते. त्यात वायर नुसती सोडून दिली तरी खालून सगळं सुंदर दिसतं. वर जाऊन पाहिलं तर वायरी जीआयच्या पट्ट्यांवर लोळत असतात. या पट्ट्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यात दर फूट-दीड फुटावर स्क्रूचं टोक वर आलेलं असतं. पंखा सुरू झाला की छत बारीक थरथरतं आणि वर्षानुवर्षं वायर त्या कडेवर घासत राहते. वरून उंदीर आहेतच. त्यांना पीव्हीसीचं आवरण कुरतडायला आवडतं, आणि पोकळीत त्यांना कोणी हाकलत नाही.

म्हणून पीओपी मारायच्या आधी वायरिंग पुरं झालं पाहिजे, आणि ते पाइपातून झालं पाहिजे. पाइप स्लॅबला सॅडलने बांधावा, पीओपीच्या सांगाड्यावर ठेवू नये. दिव्याच्या जागी पाइपातून खाली येणारा तुकडा लवचिक नळीचा असावा आणि दिवा खाली ओढून काढता येईल इतकी ढील त्यात ठेवावी. दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड छतात अजिबात चालू देऊ नका. टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, पीळ सैल पडतो, सैल जोड तापतो. तापलेला जोड एमसीबी पाडत नाही, कारण त्यातून जाणारा करंट दिव्यापुरताच असतो. तो महिनोन्‌महिने आतल्या आत भाजत राहतो. जोड द्यायचाच तर झाकणाच्या बॉक्समध्ये, कनेक्टरने, आणि हाताला लागेल अशाच जागी. त्यासाठी डाउनलाइटचं भोक उत्तम. दिवा काढला की बॉक्स समोर यायला हवा. एलईडीचा ड्रायव्हरही तिथेच ठेवावा, कारण सगळ्यात आधी जळतो तो ड्रायव्हर. पंखा पीओपीवर टांगू नये, त्याचा हुक स्लॅबमधल्या फॅन बॉक्समध्येच हवा.

एक काम मात्र घरच्यांनी स्वतः करायचं आहे. पीओपीची पट्टी बंद होण्याआधी भिंतीपासून टेप धरून प्रत्येक पाइपाचे फोटो काढून ठेवा. हॉलचा, बेडरूमचा, स्वयंपाकघराचा वेगळा. फोटो मोबाइलमध्येच राहू देऊ नका, छापून डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. फ्लॅट विकलात तर तो कागद नव्या माणसाच्या हातात द्या. पडद्याचा रॉड बसवायला येणारा मुलगा ड्रिल कुठे लावेल हे त्या कागदावर ठरतं. शक्य असेल तर एक जादा पाइप, आत ओढण्याची तार घालून, रिकामा ठेवून द्या. पाच वर्षांनी छत न फोडता नवी वायर ओढता येते.

वायर कोणती घ्यावी? आयएसआय मार्कची तांब्याचीच. तो मार्क घरगुती वायरींना बंधनकारक आहे. चांगल्या वायरीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. 1958 साली पुण्यात सुरू झालेल्या फिनोलेक्स केबल्सचं मुख्यालयच पिंपरीत आहे. दिव्यांच्या सर्किटला दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर, आणि डीबीत 6 अँपिअरचा एमसीबी. घरगुती वायरिंगच्या भारतीय मानकाची रूढ मर्यादा अशी, की दिवे, पंखे आणि छोटे प्लग मिळून एका सर्किटवर 10 पॉइंट आणि 800 वॅट यांहून जास्त भार नसावा. एलईडीमुळे वॅट कमी झाले, म्हणून पॉइंट कितीही वाढवायचे असं नाही. लाल, पिवळी किंवा निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला, हे रंग पाळायला लावा. अर्धा कॉइल लाल उरलाय म्हणून न्यूट्रलही लाल टाकला, तर दहा वर्षांनी येणाऱ्या वायरमनच्या जिवाशी तो खेळ ठरतो. धातूच्या प्रत्येक दिव्यापर्यंत हिरवी वायर पोचलीच पाहिजे. 1980 च्या आधीच्या घरांत ॲल्युमिनियमची वायर निघाली, तर तिला तांब्याचा तुकडा पिळून पुढे नेऊ नका. दोन धातूंचा तो जोड गंजतो आणि तापतो. ती वायर डीबीपासून बदलावी.

आता कडीपाट. चिंचवडगाव, चाकण, राजगुरुनगर, तळेगाव दाभाडे अशा जुन्या गावठाणांत अजून काही घरांना लाकडी तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर पाट आहेत. वरच्या मजल्याची जमीन हेच खालच्याचं छत. या घरांत वीज आली तेव्हा लाकडी पट्टीवर क्लिपा मारून वायर नेली जायची. ती पट्टी काढून सगळं ‘कन्सिल’ करावं, वायर कड्यांमधून आरपार ओवावी, असा आग्रह नव्या पिढीचा असतो. छत सुंदर दिसावं ही इच्छा मी समजू शकते, कारण ते छत खरोखरच सुंदर असतं. पण कडीवर माणसांचं वजन आहे. वजनाने कडी वाकते तेव्हा तिचा खालचा काठ ताणला जातो आणि वरचा दाबला जातो, मधल्या पट्ट्यावर ताण सर्वात कमी. म्हणून कडीच्या खालच्या काठाला खाच पाडणं हा सर्वात वाईट मार्ग. तिथून कडी चिरत जाते.

भोक पाडणं टळतच नसेल तर ब्रिटनमधल्या लाकडी घरांसाठीचा नियम मार्गदर्शक आहे. भोक कडीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर, कडीच्या उंचीच्या पाव भागाहून मोठं नाही, आणि दोन आधारांमधल्या अंतराच्या पाव भागापासून चार-दशांश भागापर्यंतच्या टप्प्यातच. म्हणजे कडी आठ इंच उंच असेल तर भोक दोन इंचांच्या आत, आणि दहा फूट अंतरात एका टोकापासून अडीच ते चार फुटांच्या दरम्यान. वायर वरच्या आणि खालच्या काठापासून किमान 50 मिलिमीटर आत राहिली पाहिजे, म्हणजे वरून पाटाला ठोकलेला खिळा तिच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या बऱ्याच घरांतल्या कड्या चार-पाच इंचांच्याच असतात. तिथे या मापात भोक बसवायला जागाच उरत नाही. त्यात लाकूड शंभर वर्षांचं, टोकाला वाळवी लागलेली असू शकते, पाटांवर मातीचा थर आणि त्यावर फरशी असते. ड्रिलची धूळ आणि गरम टोक त्या सुक्या लाकडात शिरतं, वरच्या खोलीत कोणाला पत्ताही लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: कडीपाटात वायर उघडीच न्यावी. कडीच्या बाजूला, मध्यरेषेवर, लाकडाच्या रंगाची केसिंग पट्टी लावावी, एका कडीवरून दुसरीकडे जाताना भिंतीलगतची वाट धरावी. दिवा कडीच्या पोटाला न लावता दोन कड्यांमध्ये आडवी फळी बसवून तिला लावावा. जुनी रबरी आवरणाची वायर दिसली तर ती हात लागताच तुकडे होऊन गळते, तिच्यातून पुढे जोड काढायचा नाही. सगळी उतरवायची. लाकडाचं घर आणि सैल जोड यांची गाठ पडू न देणं, एवढं सांभाळलं तर ही घरं आणखी दोन पिढ्या उजळतील.

सर्वात जास्त काळजी वाटावी अशी छतं मात्र पत्र्याची आहेत. चाकण एमआयडीसीच्या भोवती म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत, आणि इकडे चिखली, तळवडे, भोसरीत, कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. दहा बाय दहाची खोली, लोखंडी अँगल, वर पत्रा. दिवा हलवायचा तर वायर अँगलवरून फिरवून बाइंडिंगच्या तारेने आवळली जाते. पत्र्याची कापलेली कड, जे-हुकचं टोक, आवळलेली तार, तिन्ही आवरण कापणाऱ्या गोष्टी. चैत्र-वैशाखात पत्र्याखालची हवा भाजून काढते आणि साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच तग धरण्यासाठी बनवलेली असते. उष्म्यावर उपाय म्हणून अनेकजण खाली थर्माकोल लावतात. पीव्हीसी थर्माकोलला चिकटून राहिली की तिच्यातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो, वायर कडक होते आणि तडकते. थर्माकोल पेटायलाही वेळ लागत नाही. वायर थर्माकोलवर टाकूच नये. भिंतीच्या वरच्या कडेने पाइपातून न्यावी, पत्र्यापासून हातभर खाली. अँगल ओलांडायचाच असेल तर पाइपातूनच ओलांडावा आणि पाइप सॅडलने बांधावा.

आवरण फाटलं की अँगल आणि पत्रा दोन्हींत वीज उतरते, आणि पत्र्याला बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेतही. जून 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या दापोडीत, आपली दापोडी नव्हे, दौंड तालुक्यातल्या, एकाच घरातले आई, वडील आणि मुलगा असे तिघे अशाच पत्र्याच्या घराशी विजेचा धक्का लागून गेले. एक चिकटला आणि त्याला सोडवायला धावलेले त्याच्याबरोबर गेले. म्हणून हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचा.

हा मृत्यू एमसीबी अडवू शकत नाही. एमसीबी वायरीला राखतो, माणसाला नाही. करंट 6 अँपिअरच्या वर गेल्यावर तो जागा होतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या भागानेही जाऊ शकतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही हे तो सतत मोजतो, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. भाडेकरूने दिव्याच्या प्लगवर 2000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली की जवळजवळ 9 अँपिअर ओढले जातात आणि 6 चा एमसीबी पडतो. मग कटकट नको म्हणून 32 चा बसवला जातो, आणि दीडची वायर पत्र्याखाली भाजत राहते. शेगडीसाठी वेगळी वायर आणि वेगळा प्लग द्या. एमसीबी मोठा करू नका.

काम संपल्यावर वायरमनला मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावायला सांगा. 500 व्होल्टवर फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 1 मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर कुठेतरी आवरण दुखावलं आहे. तो दोष सापडेपर्यंत पैसे चुकते करू नका. मोजमाप घेताना दिवे आणि ड्रायव्हर काढून ठेवायचे असतात, नाहीतर ते जळतात. रस्त्यावरच्या खांबापासून मीटरपर्यंतची वायर मात्र महावितरणची, तिला कोणी हात लावू नये. तिकडे ठिणगी दिसली तर 1912 वर कळवावं.

चाकण आणि भोसरी परिसरातल्या खोलीमालकांना माझी विनंती आहे. मृगाच्या आधी आपल्या प्रत्येक रांगेची वायर पत्र्यावरून उतरवून पाइपात घाला, अँगल आणि पत्र्याला अर्थिंग द्या, आणि प्रत्येक खोलीला 30 मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी बसवा. सगळ्या रांगेला मिळून एकच बसवलात तर एका खोलीतल्या दोषाने सगळ्या अंधारात जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो बाहेरून जोडून टाकतो. या खर्चासाठी भाडेकरूकडे पाहू नका. तो मालकानेच करायचा आहे.